बडा घर, पोकळ भिंत

२००८ साली शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडात घाटांची आणि रस्त्यांची मोठी कामं झाली. आता गोदावरी दिसणाऱ्या खिडकीलाही स्क्वेअर फुटाचा भाव लागतो. तो भाव मोजून आम्ही खिडकी घेतली, पण लेकाच्या नीटच्या अभ्यासाला खोली उरली नाही. हॉलमध्येच भिंत घालायचं ठरलं. स्लॅबवर वजन नको म्हणून इंजिनिअरनं विटांना नकार दिला, आणि घरात जिप्समची भिंत आली.

अण्णांना ती पटवणं हे बांधण्यापेक्षा अवघड. ते वाढले माळवदाच्या वाड्यात. तिथल्या भिंती दोन-अडीच हात रुंद, कोनाड्यात लहान पोरगं आरामात लपायचं. इथं कारागिरानं खाली-वर पत्र्याचं चॅनल मारलं आणि दोन-दोन फुटांवर उभे पत्रे खोचले. अण्णा त्या सांगाड्यातून पलीकडं गेले, तसेच परत आले.

"भिंतीतून मानूस जायलाय, अन् मिस्त्री म्हनतो निम्मं काम झालं!"

मग बोर्ड आले. जाडी १२.५ मिलिमीटर. अण्णांनी कडेला नख लावलं, आत पांढरं दिसल्यावर जरा निवळले. गढीच्या पांढऱ्या मातीवर त्यांचा फार जीव. संधी साधून मी सांगितलं, "अण्णा, यात वजनाच्या २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली की त्याची वाफ होते, पलीकडची बाजू बराच वेळ तापत नाही."

"गावाकडं उन्हाळाभर टँकरची वाट बघायलोत, अन् तुम्ही भिंतीत पाणी कोंडून ठिवलंय?"

मिस्त्री उत्तर प्रदेशचा, हात मात्र देखणा. स्क्रूचं डोकं बोर्डाच्या कागदात किंचित दबायला हवं, पण कागद फाटता कामा नये; फाटला की पकड गेली. एक ओळ मारून झाली की तो पुट्टी लावायची पट्टी वरून फिरवी. टक् वाजलं की तो स्क्रू वर राहिलेला. अर्धा पिळा, पुन्हा पट्टी. हे बघायला आमच्याकडं मालिकेपेक्षा जास्त गर्दी.

दुसरी बाजू बंद करण्याआधी त्यानं विचारलं, "टीवी कहाँ लगेगा? अभी बोलो, पीछे प्लाय डालना है." झालं. आईला टीव्ही देवघरासमोर नको, बायकोला स्वयंपाकघरातून दिसायला हवा, अण्णांना आरामखुर्चीसमोर, आणि लेकाला मुळात नकोच. मिस्त्री बोर्ड धरून ताटकळत उभा. अखेर प्लाय तीन ठिकाणी घातला आणि टीव्ही विटांच्या जुन्या भिंतीवर लागला.

पुढं जोडांवर टेप, त्यावर जोड बुजवणाऱ्या कंपाऊंडचा लेप, आणि तो वाळल्यावर पॉलिश पेपर. त्या दिवशी घरातली सगळी माणसं एकाच वयाची दिसत होती. बायकोनं ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, बोटानं चाचपला आणि न बोलता मिटला.

आवाज अडावा म्हणून आत ग्लासवूलही भरली होती. पण दाराखालची फट कोण भरणार? अण्णांचा हरिपाठ तिथून सुखरूप आत जातो. वर आलागेला प्रत्येक जण भिंत वाजवून बघतो, आणि आतून लेक बायोलॉजी सोडून ओरडतो, "कोण आहे?"

राहता राहिली पणजोबांची तसबीर. सागवानी चौकट, जाड काच. अण्णा म्हणाले, नव्या भिंतीवर मानाची जागा तिचीच. आम्ही ठोकून बघितलं. जिथं खिळा हवा तिथं पत्राही नाही आणि तीनपैकी एकही प्लाय नाही. मिस्त्रीला फोन लावला.

"वज़न बताओ साहब."

वजनकाट्यावर तसबीर चढवून आकडा सांगितला. पलीकडं मिस्त्री थोडा वेळ गप्प.

"साहब, बुजुर्ग आदमी हैं. पक्की दीवार पे लगाओ, टीवी को इधर भेज दो."