शिफ्ट बदलली, दूध कुणी घालायचं?

जर्मनीत राहणारा माणूस सुट्टीला कोल्हापुरात आला की तासाभरात त्याला एक वाक्य ऐकावं लागतं. "तुमच्याकडं काय बाबा, सगळं सिस्टीमनं!" श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रभागांच्या कारखान्यात मला चौदा वर्षं झाली. सुरुवातीला या वाक्यावर मीही कौतुकानं मान डोलवायचो. हल्ली डोलवत नाही. कारण आहे आमच्या दादाची, म्हणजे चुलतभावाची, शिरोलीतली फाउंड्री, धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना.

यंदा चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आलो होतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजची जुनी टोळी मिसळीला जमली. त्यातल्या निम्म्यांच्या शेड, म्हणजे छोटे कारखाने, आहेत, कुणाची शिरोलीला, कुणाची गोकुळ शिरगावला, एकाची अजून उद्यमनगरात, आजोबांच्या लेथसकट. वाद नेहमीचाच. पोरगं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, ते काही परत येत नाही, मग धंदा पगारी मॅनेजरच्या हातात द्यायचा का? एक म्हणतो, दिल्याशिवाय गत नाही, सगळे निर्णय मालकाच्या डोक्यात अडकलेत. दुसरा म्हणतो, दोन वर्षांत तो आपलंच गिऱ्हाईक घेऊन शेजारच्या प्लॉटवर बसेल. आणि दोघंही साक्षीला मलाच ओढतात. "सांग रं, जर्मनीत कसं असतंय?"

जर्मनीतही धंदे घरचेच असतात हो. मी काम करतो तोही मालकाच्या घरचाच आहे, तिसरी पिढी. मालक कोण, यावर मिसळीचा सगळा कट येईपर्यंत भांडता येतं, पण गाडी अडते ती तिथं नाही, ठरवायच्या आधी कुणाला विचारलं, तिथं अडते.

दादाचीच गोष्ट सांगतो. त्याची विजेवरची इंडक्शन भट्टी गेली कित्येक वर्षं रात्रीची चालायची, कारण रात्रीच्या विजेला सवलत. भंगाराच्या खालोखाल खर्च विजेचा, त्यामुळे अख्खी शेड त्या सवलतीभोवती बेतलेली. पण सौरवीज वाढली तसं दरांचं चक्र उलटं फिरू लागलं. केंद्रानं 2023 साली वीज ग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती केली : उन्हाच्या तासांत वीज स्वस्त, मागणीच्या तासांत महाग. 10 किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी त्याची तारीख 1 एप्रिल 2024. दादानं एका शनिवारी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब मांडला, आकडा बरा दिसला, आणि अकराच्या सुमारास शेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी निरोप टाकला : "सोमवारपास्नं मेल्टिंग दिवसा. सकाळी सातला सगळ्यांनी हजर."

निर्णय घ्यायला लागला एक तास. सांगायला वीस सेकंद.

सोमवारी भट्टीवरच्या बावीस जणांपैकी तेरा आले. ही माणसं हातकणंगले तालुक्यातल्या गावांतली, घरी दोन म्हशी आणि थोडाफार ऊस असलेली. रात्री दहाला भट्टीवर यायचं, सहाला सुटून गाडी दामटत घर गाठायचं, धारा काढून डेअरीला दूध घालायचं, वैरण टाकायची आणि मग झोपायचं, असं त्यांचं गणित बसलेलं. सकाळी सातची शिफ्ट म्हणजे नेमकी दूध घालायची वेळ. रात्रपाळी त्यांच्यावर लादलेली आहे, दिवसपाळी मिळाली की खूश होतील, असं दादाला खरोखरच वाटत होतं. ती त्यांनी संसाराला जुळवून घेतलेली आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या घरी म्हैस नाही ना.

जे तेरा आले त्यांना उभं राहायला जागा नव्हती. दिवसभर मोल्डिंगवाले बॉक्समध्ये वाळू भरून मोल्ड, म्हणजे साचे, करायचे, संध्याकाळपर्यंत जमीन मोल्डनी भरून जायची, रात्री त्यात धातू ओतला जायचा आणि पहाटे झाडझूड होऊन जमीन पुन्हा मोकळी. दोन्ही कामं दिवसा आणल्यावर वितळलेल्या धातूचं भांडं, लॅडल, कुठून न्यायचं? त्यात एप्रिलचं ऊन पत्र्यावर. वाळूचा ओलावा उडायचा, मोल्ड कडेनं सुटायचे आणि कास्टिंगमध्ये वाळू यायची. आठवड्याचं रिजेक्शन, म्हणजे वाया गेलेला माल, बघून दादानं बिलाचा हिशेब मांडायचं सोडून दिलं. नवव्या दिवशी भट्टी पुन्हा रात्री.

मेस्त्रींना मी नंतर भेटलो. एकतीस वर्षं त्याच शेडमध्ये, काकांच्या वेळेपासून. चहाच्या टपरीवर बशीत चहा ओतत म्हणाले, "मला कुणी इचारलंच न्हाई की. इचारलं असतं तर फळ्यावर खडूनं काढून दाखवलं असतं, कुठं अडतंय ते."

दादाचा निष्कर्ष मात्र ठाम. "आपल्या माणसांना बदल नकोच असतोय. तुमच्याकडं असं चालंल का?"

आमच्याकडं कसं चालतं ते ऐका. आमची सकाळची शिफ्ट सहाला सुरू व्हायची, ती साडेपाचला आणायची होती. अर्धा तास. त्याला सात महिने लागले. पाच कायम कामगार असलेल्या कुठल्याही आस्थापनेत तिथं कामगारांना आपली परिषद, बेट्रीब्सराट, निवडता येते. त्या कायद्याच्या कलम 87 प्रमाणे कामाची वेळ कधी सुरू आणि कधी संपणार याला परिषदेची संमती लागते. नुसतं कळवून भागत नाही, आणि जमलंच नाही तर प्रकरण समेट मंडळाकडे जातं. कायदा 1952 चा, 1972 साली नव्यानं घडवलेला. त्या सात महिन्यांत मी किती वैतागलो! कुठल्या गावाची पहिली बस किती वाजता सुटते, पाळणाघर कधी उघडतं, पेंटशॉपमधल्या दोघांच्या बायका रात्रपाळीच्या नर्स आहेत तर मुलांना शाळेत कोण सोडणार, असल्या गोष्टींवर इंजिनियर लोक तासन् तास बसलेले. मी एकदा बॉसला म्हणालो, माझ्या भावानं हे शनिवारी रात्री उरकलं असतं.

शेवटी दोन वेळा ठरल्या, ज्याला जी जमते ती. ज्या सोमवारी बदल झाला त्या दिवशी काहीही घडलं नाही. सगळे आले, मशीन सुरू झाली. तक्रार एकच आली, कॉफीचं मशीन साडेपाचला बंद असतं ही.

म्हणजे दादाच्या एका तासाच्या निर्णयाची अंमलबजावणी आठ दिवस धडपडली आणि विस्कटली, आमच्या सात महिन्यांच्या निर्णयाची अंमलबजावणी एका सकाळीत झाली. विचारपूस दोन्हीकडे झाली. आमच्याकडे आधी, शिरोलीत नंतर, आणि तीही टपरीवर, मालक नसताना. कोल्हापुरात चर्चा होत नाही असं कोण म्हणेल? कट्टा आहे, टपरी आहे, तालीम आहे. फक्त निर्णयाच्या खोलीत ती शिरत नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आठवा. अहवाल वाचायच्या आधीच "मंजूर, मंजूर" आणि पलीकडून "नामंजूर". खरी चर्चा मंडपाबाहेर, गाड्या काढताना.

व्यवस्थापन शिकताना पहिल्याच महिन्यात आम्हाला आन्री फेयॉल पाठ करायला लावला होता. हा फ्रेंच खाण अभियंता, 1888 ते 1918 अशी तीस वर्षं त्यानं एक खाण-पोलाद कंपनी सांभाळली आणि 1916 साली व्यवस्थापनाची पाच कामं लिहून ठेवली : नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. शिरोलीत ही पाचही कामं एकाच माणसाच्या शर्टाच्या खिशात असतात, दोन मोबाइल आणि चुरगळलेल्या चलनासोबत. त्यातलं चौथं हमखास खाली पडतं. मोल्डिंग, भट्टी आणि दूध हे तिन्ही एका घड्याळात बसवणं म्हणजे समन्वय, आणि ते घड्याळ मेस्त्रींच्या डोक्यात होतं.

"माणसांना बदल नको असतो" हे वाक्य तर जुनंच. बर्लिनला शिकवणारा मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन 1933 साली, नाझी सत्तेवर आल्यावर, अमेरिकेत गेला. त्याच्या प्रभावळीतल्या दोघांनी व्हर्जिनियातल्या एका पायजम्यांच्या कारखान्यात याच वाक्याचा पिच्छा पुरवला आणि 1948 साली निष्कर्ष छापले. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला, दुसऱ्यातून प्रतिनिधी घेतले, बाकीच्या गटांत सगळ्यांनाच ठरवण्यात घेतलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, काहींनी नोकरीही सोडली. सगळे सामील असलेले गट सर्वांत लवकर सावरले आणि आधीच्याही पुढं गेले. शिलाई तीच, कारखाना तोच.

हे दादाला सांगितलं. तो गप्प बसणाऱ्यांतला नाही. "शाहू महाराजांनी 1902 ला पन्नास टक्के आरक्षणाचा हुकूम काढला, तवा कुणाची मीटिंग घेतली होती का?"

प्रश्न बिनतोड आहे. त्या वेळी दरबारातल्या खुर्च्यांवर बसलेल्यांना विचारलं असतं तर तो हुकूम आजही मसुद्यातच असता. सहमतीच्या पद्धतीचं हे दुखणं मी रोज बघतो. जे आत आहेत त्यांना आवाज आहे, आणि ते आधी स्वतःची खुर्ची धरून ठेवतात. मंदी आली की आमच्याकडे पहिले घरी जातात ते एजन्सीचे तात्पुरते कामगार. त्यांच्यासाठी कुणी सात महिने बसत नाही. पण दादा, महाराजांच्या हुकुमानं ज्यांना आवाज नव्हता त्यांना खुर्ची दिली. तुझ्या आवाजी निरोपानं कुणाला काय दिलं? आणि तुझ्या शेडमध्ये बॉक्सवर दर घेऊन मोल्डिंग करणारी बिहार-ओडिशाची पोरं, मागच्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी, त्यांना तर तू भट्टी परत रात्री नेतानाही विचारलं नाहीस. मेस्त्रींनीही नाही, हे मात्र मला टपरीवर बोलायला जमलं नाही.

संथपणाची किंमतही लपवत नाही. दोन ऑगस्टांमागे इटलीच्या एका छोट्या गिऱ्हाइकाला दहा दिवसांत नमुना हवा होता. आमच्याकडे चार सह्या लागत होत्या, त्यातले दोघं सुट्टीवर समुद्रकाठी. गिऱ्हाईक गेलं. दादानं फोनवर "देतो की" म्हणून नवव्या दिवशी कुरिअर केलं असतं, आणि दहाव्या दिवशी त्या इटलीवाल्याला मिसळीला बोलावलं असतं.

आणि जुलै 2021. त्या एकाच महिन्यात माझ्या दोन्ही घरी पूर आला. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. पाणी चढत असताना जिल्ह्याच्या पातळीवर लोकांना हलवण्याचा निर्णय रात्री उशिरापर्यंत झाला नाही, यावर तिथं चौकश्या झाल्या. सिस्टीमचा देश! आठवड्याभरानं पंचगंगा पात्राबाहेर आली. मी रात्री जागून दादाला एकच प्रश्न विचारत होतो, जो तेव्हा अख्खं कोल्हापूर एकमेकांना विचारतं : "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" 39 ला इशारा, 43 ला धोका. साहेब कोण, रजेवर कोण, याची वाट न बघता त्या आकड्यावर माणसं जनावरं सोडतात, दुकानदार माल माळ्यावर चढवतात. दादानं पॅटर्न, म्हणजे साचे करायचे नमुने, वरच्या रॅकवर हलवले ते कुणाला न विचारता, आणि मेस्त्री अर्ध्या वाटेवरून माघारी आले होते तेही कुणी न बोलावता. ठरवायचं काम आधीच, कोरड्या दिवसांत झालेलं होतं.

पुराला आपल्याकडे आकडा आहे. शिफ्टला, नव्या मशीनला नाही. कायद्यात त्याची सोय नाही असंही नाही. कामाचे तास किंवा पाळी बदलायची तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शंभर कामगारांच्या वर कार्यसमितीची कल्पना तर 1947 च्या मूळ कायद्यातली. म्हणजे वयानं जर्मनीच्या 1952 पेक्षा पाच वर्षांनी थोरली. दादाला विचारलं, ही नोटीस कधी काढलीस का? त्यानं माझ्याकडं, मी जर्मन भाषेत बोलल्यासारखं पाहिलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी शेवटी तिघं फळ्यासमोर बसले. दादा, मेस्त्री आणि मी, मी चहा सांगण्यापुरता. मेस्त्रींनी खडूनं दोन चौकोन काढले. मोल्डिंग दुपारी चारपासून रात्री, थंड वाळूत. भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, दूध घालून झाल्यावर, आणि ऊन असेपर्यंतच. बिलातली बचत दादाच्या मूळ आकड्याच्या निम्मीच निघाली, पण भट्टीवरचे वीस जण यायला तयार झाले. मोल्डिंगच्या पोरांचं काय, असं मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, "ती कवाबी येत्यात." फळा पुसला नाही, मी फोटो काढून घेतला.

परवा दादाचा फोन. आवाजातच कळलं, काहीतरी ठरलंय. नवा सँड प्लांट, साच्यांची वाळू तयार करायचं यंत्र, घेतोय, कोइम्बतूरचा, दिवाळीच्या आत बसवायचा.

"मेस्त्रींना सांगितलंस?"

"सांगतो की," दादा म्हणाला. "आधी ॲडव्हान्स तर देऊ दे."