‘पोलंडमध्ये एकही मशीद नाही’ हे खोटं आहे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरत येतो. ‘पोलंडमध्ये एकही मुसलमान नाही, एकही मशीद नाही. १६८३ मध्ये पोलंडच्या राजानं व्हिएन्नाला इस्लामला हरवलं आणि तेव्हापासून दार लावून घेतलं.’ शिकलेसवरलेले लोकही हे बिनदिक्कत पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी मशीद. पोलंडच्या ईशान्य टोकाला, बेलारूसच्या सीमेजवळ, क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी ही दोन खेडी आहेत. दोन्ही गावांत लाकडी मशिदी आहेत. क्रुशिन्यानीची मशीद हिरव्या फळ्यांची. दर्शनी बाजूला दोन मनोरे. वरची चंद्रकोर नजरेतून सुटली तर खेड्यातलं चर्चच वाटावं. या गावांत लिपका तातार, म्हणजे काही शतकांपूर्वी इथे वसलेले मुसलमान तातार, राहतात. त्यांच्यात अखमतोविच असं आडनाव आहे, म्हणजे आपला अहमदच, पोलिश वळणाचा. २०१२ साली या दोन्ही मशिदींना खुद्द राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

आता व्हिएन्ना. तिथे ऑटोमन तुर्कांची फौज हरली, हे खरं. पण तिला हरवणाऱ्या राजा यान सोबिएस्कीच्या सैन्यात मुसलमान तातार घोडेस्वार होते. समोर ऑटोमनांच्या बाजूनं क्रिमियाचे तातार उभे. गोंधळात आपलाच माणूस मारला जाऊ नये म्हणून पोलंडच्या तातारांनी शिरस्त्राणात गवताची काडी खोवली होती, असं सांगतात. क्रुशिन्यानीची जमीनही याच राजानं १६७९ मध्ये तातारांना दिली. सैनिकांचा पगार थकला होता, खजिन्यात पैसा नव्हता, म्हणून जमीन. त्याआधी, १६७२ मध्ये, थकलेला पगार आणि हिरावलेले हक्क यांमुळे बरेच तातार ऑटोमनांकडे निघून गेले होते. हे लपवायचं कारण नाही. राजाशी भांडण होतं ते पगाराचं आणि मानाचं, आणि ते मिटल्यावर त्यांतले अनेकजण परतले.

‘दार लावलं’ हे तर अजिबात पटण्यासारखं नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हा पोलंडशी जोडलेल्या लिथुआनियाच्या व्हिटौटास या शासकानं तातारांना वसवलं. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत ते पोलंड-लिथुआनियाच्या बाजूनं ट्यूटॉनिक सरदारांशी, म्हणजे जर्मन ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाशी, लढले. १९२५ मध्ये मुसलमानांची धार्मिक संघटना स्थापन झाली आणि १९३६ च्या कायद्यानं सरकारनं तिला मान्यता दिली. तो कायदा आजही लागू आहे.

संख्या कमी आहे, हे मान्य. पावणेचार कोटींच्या देशात मुसलमान हजारांतच मोजले जातात. पण थोडे असणं आणि नसणं यांत फरक आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरून आत येण्याच्या धडपडीत १९ वर्षांचा एक सीरियन मुलगा नदीत बुडाला. त्याचं या देशात कुणी नव्हतं. बोहोनिकीच्या तातारांनी त्याला आपल्या कब्रस्तानात, आपल्या पूर्वजांशेजारी दफन केलं.