कोलमन, गुड्रो, जनो आणि निकालानंतरचं शहाणपण

तुमचा आक्षेप असा, की एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या टॅम्पा बे लाइटनिंगने २०२० मध्ये कोलमन आणि गुड्रो या खेळाडूंसाठी पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) दिले त्याचं मी कौतुक केलं, आणि २०२३ मध्ये जनोसाठी असंच भरमसाट दिलं तेव्हा नावं ठेवली. पहिल्या वेळी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, आला, दुसऱ्या वेळी नाही, म्हणून माझं हे सगळं निकाल लागल्यावरचं शहाणपण.

ठीक आहे, कप बाजूला ठेवू. फेब्रुवारी २०२० मध्ये टॅम्पाचा जनरल मॅनेजर ब्रिझबॉ याच्यासमोर काय होतं? आदल्या मोसमात ६२ सामने जिंकलेला संघ प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद मालिकांच्या) पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा साफ झाला होता. कुचेरोव, पॉइंट, स्टॅमकोस, हेडमन असताना कौशल्याला तोटा नव्हता. हवी होती ती दमवणारी, पेनल्टीमुळे एक खेळाडू कमी असताना किल्ला लढवणारी तिसरी लाइन (आक्रमक खेळाडूंची फळी), आणि सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेत, जागा जेमतेम. कोलमनचा पगार १८ लाख डॉलर, गुड्रोचा सव्वानऊ लाख. म्हणजे दोघं मिळून २७ लाख २५ हजार. वर दोघांच्याही करारात आणखी एक मोसम शिल्लक, म्हणजे एका किमतीत दोन प्लेऑफ. गुड्रोसाठी दिलेला पिक टॅम्पाचा स्वतःचा होता. ड्राफ्टमध्ये कमकुवत संघ आधी निवडतात, तेव्हा असल्या संघाचा पिक फेरीच्या तळाला जाणार हे त्याच दिवशी दिसत होतं. गेलाही ३१ वा. कोलमनची किंमत जड होती, हे मान्य: पिकसोबत नोलन फूटही गेला, आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत घेतलेला मुलगा.

तुमचा मिलरचा मुद्दा मात्र वजनदार आहे. कोलमनसाठी दिलेला पिक मूळचा व्हँकुव्हरचा, २०१९ मध्ये जे. टी. मिलर देऊन मिळवलेला. तेव्हा खरी किंमत मिलरच, असं तुम्ही म्हणता; आणि तो पुढे एका मोसमात ९९ गुणांपर्यंत (गोल आणि असिस्ट मिळून) पोचला. पण मिलरचा कॅपवरचा बोजा साडेबावन्न लाखांचा होता आणि ब्रेडन पॉइंटचा नवा करार तोंडावर आला होता. त्यातल्या जवळपास निम्म्या पैशात कोलमन आणि गुड्रो दोघं बसले. मिलर ठेवला असता तर ते कुठे बसवायचे, हे तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

आणि साखळी किती लांब ओढायची? त्या पिकवर न्यू जर्सीने मुखामादुल्लिन घेतला, पुढे तोही देऊन टिमो मायर आणला, म्हणून मायरही टॅम्पाच्या नावावर मांडायचा, हे मला पटत नाही. तसं असेल तर १९९२ चा एरिक लिंड्रॉस या खेळाडूचा सौदा घ्या. क्वेबेकने तो फिलाडेल्फियाला दिला, बदल्यात आलेल्या एका पिकवर तिबो घेतला, आणि संघ कोलोरॅडोला गेल्यावर डिसेंबर १९९५ मध्ये तिबोसकट तिघे मॉन्ट्रियलला देऊन गोलरक्षक पॅट्रिक र्वा मिळवला. र्वा बाजारात आला कसा? डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला ११-१ ने धुतलं त्या रात्री नऊ गोल खाईपर्यंत प्रशिक्षकाने त्याला बाहेर काढलं नाही, आणि तो भडकला. त्या भांडणाचं बिल फिलाडेल्फियाला कसं लावणार?

आता जनो. नॅशव्हिलकडून २०२१-२२ मध्ये त्याचे २४ गोल होते, पण त्याच्या शॉटपैकी १९ टक्के आत जात होते. लीगची सरासरी साधारण १० टक्के. हे टिकणारं नव्हतं, आणि टिकलंही नाही: पुढच्या मोसमात सौद्याआधीच्या ५६ सामन्यांत ५ गोल. सौदा झाला त्या दिवशी हे आकडे सगळ्यांसमोर होते. तरी त्याच्यासाठी कॅल फूट आणि वर पाच पिक, २०२५ चा पहिल्या फेरीचा धरून. पगार स्वस्त होता आणि हक्क पुढेही संघाकडेच राहणार होते, एवढीच जमेची बाजू. २०२४ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसकडून त्याचे दुसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक परत आले. ते वजा करूनही तोटाच.

कोलमन-गुड्रो २०२१ मध्ये निघून गेले, हाती काय उरलं, असंही तुम्ही विचारलंत. गुड्रोचे हक्क देऊन मिळालेला सातव्या फेरीचा एक पिक, कोलमनचं काहीच नाही. ते जाणार हे धरूनच किंमत दिली होती.

राहता राहिली २०२३ ची ती मालिका. २००४ नंतर पहिल्यांदा तुमच्या टोरंटोने एक फेरी जिंकली, तीही टॅम्पाला हरवून. तेव्हा तुमचा आवाज चढणं समजू शकतो. पण टॅम्पा जिंकली असती तरी जनोबद्दल मी हेच लिहिलं असतं.