वय वर्षे चौदाच्या आत

"हे मोठ्यांच्या कार्डावर जात नाही," देवघेवीच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या आणि पुस्तक उचलून माझ्यापासून लांब ठेवलं. चार दिवस झाले, माझं डोकं अजून गरम आहे.

पुस्तक हॅरी पॉटरचं, भाग पाचवा, कुणा भल्या सभासदानं भेट दिलेली इंग्रजी प्रत. २००३ साली अख्खं जग ते वाचत होतं तेव्हा मी परीक्षा देत होते. आता भाचीनं जाहीर केलंय की सातही भाग वाचल्याशिवाय मावशीशी बोलण्यासारखं काही नाही. चार भाग तिनंच पुरवले. पाचवा तिची मैत्रीण घेऊन गेली आणि मैत्रिणीचे वडील बदली होऊन नागपूरला गेले. असो.

"मुलाला पाठवा," मॅडम म्हणाल्या.

"मुलगा नाही."

"मग मुलीला."

"तीही नाही."

"मग नेताय कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मॅडमनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. रांगेतल्या तिघांनी चष्म्याविनाच पाहिलं. पुस्तक मागायला आलेल्या बाईला दोन वाक्यांत आपल्या घरादाराचा हिशेब चारचौघांत द्यावा लागतो, याचं तिथे कुणालाच काही वाटलं नाही.

नियम असा, की बालविभाग चौदा वर्षांपर्यंत. त्यापुढचे सगळे मोठे. आता गंमत पाहा. या पाचव्या भागात खुद्द हॅरी पंधरा वर्षांचा आहे. म्हणजे तो स्वतः झाडूवरून उतरून आमच्या खिडकीशी आला असता, तरी त्याला त्याचंच पुस्तक मिळालं नसतं. १९६७ च्या कायद्याखाली आपल्याकडे ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. वाचकांचे मात्र दोनच, बाळ आणि बाप्या. मधल्या पोरांनी, ज्यांच्यासाठी ही पुस्तकं लिहिली जातात, त्यांनी चार वर्षं काय करायचं? मोबाइल बघायचा. आणि मग आपण परिसंवाद भरवायचे, 'तरुण पिढी वाचते का?'

एवढ्यात बाकावरच्या काकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"मॅडमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "या वयात जादूटोणा वाचायचा म्हणजे... काहीतरी सकस वाचा. चरित्रं वाचा. वैचारिक वाचा."

"जादूटोणा नाही हो, कादंबरी आहे."

"तेच ते. काठी फिरवली की काम झालं. कष्टांचा संस्कार कुठे आहे यात?"

हा संस्कार ते पंख्याखालच्या एकमेव बाकावर सकाळपासून बसून सांगत होते. पुढची पाच मिनिटं त्यांनी मला मराठी वाचकाचा अधःपात समजावला. मी निमूट ऐकलं, कारण पुस्तक मॅडमच्या कोपराखाली होतं.

खरं तर सांगायचं पुष्कळ होतं. रेड्याच्या तोंडचे वेद आणि चालती भिंत जिथे घरोघर ठाऊक, तिथे उडत्या झाडूचाच एवढा संकोच का? आमच्या कादंबरीनं चालायला शिकतानाच अद्भुताचं बोट धरलं: १८६१ ची 'मुक्तामाला' घ्या, १८६८ ची 'मंजुघोषा' घ्या. मराठी व्याकरणावर निबंध लिहिणाऱ्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीच 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. त्यांना कुणी विचारलं असेल का, शास्त्रीबुवा, हे कुणासाठी? ही लाज फक्त आपलीच, असंही नाही. इंग्लंडात याच मालिकेच्या पहिल्या भागाची मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती १९९८ मध्ये निघाली. मजकूर तोच, फक्त मुखपृष्ठावर आगगाडीचा गंभीर काळापांढरा फोटो. पण त्यांनी निदान मुखपृष्ठ बदललं, गिऱ्हाइकाला जन्मदाखला नाही मागितला.

यातलं मी एक अक्षर बोलले नाही. "मग आता मी काय करू?" एवढंच विचारलं.

"शेजारचं एखादं मूल सभासद करून घ्या," काका म्हणाले. "शेजार असतो कशाला?"

मग इकडेतिकडे बघत ते उठले, खिडकीशी आले आणि खिशातून एक कार्ड काढलं. बालविभागाचं. फोटोत पुढचे दात पडलेला मुलगा.

"नातू. आठ वर्षांचा."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "काका, तो कॅनडात इंजिनिअरिंगला आहे ना?"

"कार्डावर आठच आहे," काका ठामपणे म्हणाले. "वर्गणी मी भरतो. अनामत बुडवायची का?"

त्या कार्डावर काका गेली दहाबारा वर्षं 'किशोर'चे अंक नेत होते. सगळ्या ग्रंथालयाला माहीत होतं. वैचारिक वाङ्मयाचं त्यांचं स्वतःचं कार्ड कोरं करकरीत असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. पण त्यांना ते कार्ड अनामतीच्या नावाखाली वापरता येतं आणि मी खरं बोलले तर रांग हसते. हा जो न्याय आहे ना, तो अजून घशाखाली उतरत नाही.

मॅडमनी त्या दात पडलेल्या इंजिनिअरच्या नावावर पुस्तक चढवलं. बालविभागाला सातच दिवस. सातशे सहासष्ट पानं! मोठ्यांना दीडशे पानांच्या कथासंग्रहाला पंधरा दिवस मिळतात.

"उशीर करू नका, दंड पोराला बसतो," काका म्हणाले. मी आभार मानून वळले, तर मागून मायेनं आवाज आला, "छान आहे हां हा भाग. शेवटी तो कुत्रा होणारा मरतो, तेव्हा मात्र वाईट वाटतं."

सिरियस. हॅरीचा धर्मपिता, जिवाभावाचं एकुलतं माणूस. वीस वर्षं मी सिनेमे टाळले, गप्पांतून उठून गेले, भाचीच्या तोंडावर हात ठेवला, आणि हे रहस्य मला कळलं ते दंडाच्या पावतीपुस्तकाशेजारी.

आता वाचतेय. यात एक गुलाबी स्वेटरवाली सरकारी बाई आहे, खोकून बोलणं तोडते आणि शाळेच्या भिंतीवर रोज नवा नियम लावते. तिचा मला पूर्वीइतका राग येत नाही, सवय झालीय. सिरियस मात्र पानावर आला की मी त्याच्याकडे पुरतं बघूच शकत नाही.

काल रात्री जेवताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मॅडमनी दिलेला असणार.

"मेला का?" काकांनी विचारलं.

"नाही अजून. चारशेव्या पानावर आहे."

"लवकर उरका. सोमवारी ग्रंथालय बंद असतं."