कोल्ड्रिंकच्या कॅनचा स्टोव्ह आणि तो फिरणारा मेसेज

पावसाळा सरला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, यंदा मला तो तीन जणांकडून आला. मेसेज थोडक्यात असा: कोल्ड्रिंकचा कॅन कापा, टाचणीनं भोकं पाडा, दहा-पंधरा ग्रॅमचा स्टोव्ह तयार, गॅसचं ओझं कायमचं गेलं, आत सॅनिटायझर, थिनर, स्पिरिट काहीही घाला, स्फोट होत नाही म्हणून टेंटमध्येही चालतो, विझला की वरून परत ओता, पेटलंच काही तर पाणी मारा, आणि ट्रेनमध्येही न्या, कोण बघतंय. मी गेली आठ वर्षं हे स्टोव्ह घरी बनवतेय, सह्याद्रीत वापरतेय, माझा जीव आहे त्यांच्यावर, म्हणूनच हे वाचून पोटात गोळा येतो. स्टोव्ह बनतो हे खरंय, बाकी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं माणसाला भाजून काढेल असं आहे.

सगळ्यात आधी ते "विझला की वरून ओता". अल्कोहोलची ज्योत उन्हात दिसतच नाही हो, फिकट निळी असते, सकाळी आठच्या उन्हात समोर धरलेला हात गरम लागतो तेव्हा कळतं की अरे पेटलेलंय. दोन वर्षांपूर्वी राजगडावर पद्मावती माचीवर आमच्या शेजारी एक ग्रुप चहा करत होता, त्यातल्या मुलाला वाटलं स्टोव्ह विझला, त्यानं बाटलीतूनच धार लावली आणि ज्योत त्या धारेवरून चढत थेट बाटलीत गेली, त्यानं दचकून हात झटकला आणि पेटतं स्पिरिट त्याच्याच मांडीवर. ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटली होती. आम्ही चादर टाकून विझवलं, मग टाक्यातलं पाणी आणून वीस मिनिटं ओतत बसलो, चिकटलेलं कापड मुद्दाम ओढलं नाही, आणि नंतर सगळ्यांनी मिळून त्याला गुंजवण्यात उतरवलं. तो कण्हत होता ते अजून कानात आहे.

हे असं का होतं तर अर्ध्या रिकाम्या बाटलीत वरच्या जागेत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं आणि इथेनॉलच्या बाबतीत साधारण १३ ते ४० डिग्रीच्या मधे ते मिश्रण नेमकं पेटण्याजोगं असतं, म्हणजे आपल्याकडचं जवळपास वर्षभराचं हवामान. त्यामुळे पेटत्या किंवा गरम स्टोव्हजवळ बाटली उघडायचीच नाही. मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं आधी मोजते, ओतते, बाटली बंद करून दहा पावलं लांब ठेवते, मगच काडी. दुसऱ्यांदा भरायचं तर स्टोव्ह हातात धरता येईल इतका गार होऊ दे, आणि तेव्हाही टोपणानंच.

आता "काहीही चालतं". नाही चालत. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल साधारण ६० ते ८० टक्के, उरलेलं बरंचसं पाणी, आणि जेल असेल तर घट्ट करायचा पदार्थ, ग्लिसरीन वगैरे. सुरुवातीला पेटतं, मग अल्कोहोल संपत जातं तसं ते मंदावतं आणि तळाशी चिकट लगदा उरतो, टाचणीची भोकं बुजतात. पेटतं जेल अंगावर उडालं तर ओघळून जात नाही, चिकटून जळत राहतं. थिनरमध्ये टोल्युईनसारखी द्रव्यं असतात, काजळी आणि विषारी धूर, आणि ज्योत कधी कशी उसळेल याचा नेम नाही.

स्पिरिटचंही नीट बघून घ्या. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं. मिथेनॉल वजनाला इथेनॉलच्या पाऊणपटच उष्णता देतं आणि ते विष आहे, दहा मिलीसुद्धा पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनंच. आणि आपले लोक स्पिरिट नेतात कशात, तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत! अंधारात गुहेत तहानलेल्या माणसाच्या हाताला ती लागली तर? वेगळ्या आकाराची बाटली घ्या, लाल चिकटपट्टी गुंडाळा, वर मोठ्ठं विष लिहा, आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, खाण्यापासून लांब ठेवा.

"गॅसचं ओझं गेलं" हे अर्धं खरंय, त्याचा हिशोब करूया. अर्धा लिटर पाणी २५ डिग्रीवरून उकळायला सुमारे १५७ किलोज्यूल लागतात, एक मिली इथेनॉल देतं २१ च्या आसपास, म्हणजे कागदावर साडेसात मिली. प्रत्यक्षात झाकण आणि वाऱ्याचा आडोसा असेल तर १५ ते २० मिली, आडोसा नसेल तर कोकणकड्यावर बसून ५० मिली जाळाल तरी पाणी कोमटच. तेवढ्याच उकळीला गॅस साधारण ७-८ ग्रॅम लागतो, स्पिरिट १२ ते १६ ग्रॅम. पण गॅसचा २३० ग्रॅमवाला डबा रिकामाच दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, वर बर्नर. म्हणून दोघं जण, एक मुक्काम, चहा आणि मॅगी, तिथे कॅनचा स्टोव्ह बिनशर्त जिंकतो. दहा जणांची खिचडी असेल तर मात्र विसरा, एका भरणीत सात-आठ मिनिटं जळतो, आच कमी करता येत नाही, मग लोक घाईनं गरम स्टोव्हमध्ये ओततात आणि आपण परत राजगडावर येतो.

टेंटमध्ये स्फोट नसेल होत, पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नाही. शिवाय हा स्टोव्ह म्हणजे झाकण नसलेली पेटती वाटी, पाय लागला की सांडली, आणि टेंटचं नायलॉन वितळून अंगावर पडतं.

पाण्याचं म्हणाल तर अल्कोहोल पाण्यात मिसळतं हे बरोबर, पण अर्धं पाणी अर्धं स्पिरिट असलं तरी ते पेटू शकतं, त्यामुळे ग्लासभर पाणी मारलं की विझण्याऐवजी आग पसरते. झाकून विझवा. माझ्याकडे स्टोव्ह मावेल असा एक स्टीलचा डबा आहे, प्रवासात स्टोव्ह त्यात आणि विझवायला तोच उपडा. खाली सपाट कातळ हवा, फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असताना तर मी हा स्टोव्ह नेतच नाही. अमेरिकेतसुद्धा वणव्याच्या हंगामात पश्चिमेकडच्या जंगलांत चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह नसलेले स्टोव्ह बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

ट्रेनचं तर सरळ आहे, स्पिरिट काय आणि गॅसचा डबा काय, रेल्वे कायदा १९८९ चं कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कसारा लोकलच्या गर्दीत बाटली गळली तर काय, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्यानं केलेला दिसत नाही.

बनवायचाच असेल, आणि बनवाच, तर दोन कॅनचे तळ साडेतीन-चार सेंटीमीटरवर कापा, कडा पॉलिश पेपरनं घासा नाहीतर बोट चिरतं, मधे कॅनच्याच पत्र्याची एक पट्टी गोल वळवून उभी करा आणि तिच्या खालच्या कडेला तीन खाचा द्या, एक तळ दुसऱ्यात दाबा, वरच्या तळाचा मधला भाग कापून काढा आणि कडेला टाचणीनं सोळा भोकं पाडा. वीस मिली ओतून पेटवलंत की आधी फक्त मधे जळतं, साधारण मिनिटभरात आतलं स्पिरिट उकळायला लागतं, वाफ भोकांतून बाहेर येते आणि एकेक करत गोल कडं पेटतं. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, पण आत उकळणारं इथेनॉल ७८ च्या वर जात नाही, म्हणून एवढा पातळ पत्रा टिकतो. पहिल्यांदा हे गच्चीवर संध्याकाळी करा, तेव्हा ज्योत दिसते.