पेवाशेजारचं घर

रविवारी संध्याकाळी आमच्या शिरूरच्या कट्ट्यावर विषय निघाला तो कांद्यावरून. नानांचा कांदा चाळीत पडून आहे, भाव बसलेला. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "शेती पहिल्यांदा काढली कुणी, त्याला एकदा विचारायला पाहिजे. रानातलं खाऊन सुखात होती की माणसं."

दिलीप बँकेत आहे. तो लगेच उसळला. "नाना, शेती नसती तर ना गाव, ना शाळा, ना लिहिणं-वाचणं. अजून हरणामागं पळत असतो आपण."

"लिहिणं कशासाठी आलं ठाऊक आहे का?" महेश कॉलेजात इतिहास शिकवतो. "इराकमधल्या उरुकला मातीच्या पाट्या सापडल्या, इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराच्या. त्यांवर बहुतेक हिशेबच आहेत. जव किती आला, मेंढ्या किती, कुणाला किती शिधा. आधी कोठार भरलं, मग लिहिणारा आला."

मग त्यानं अबू हुरैराचं सांगितलं. सीरियातलं, युफ्रेटिस नदीकाठचं, शेतीच्या सुरुवातीच्या काळातलं गाव. धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९७२-७३ मध्ये घाईनं खणलं. तिथल्या बायकांच्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्यांची हाडं बिघडलेली, गुडघे आणि कंबर झिजलेली. गुडघे टेकायचे, पायाची बोटं मागं दुमडायची आणि रोज तासन्‌तास पाट्यावर धान्य रगडायचं. हाडांत उतरलं ते. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची आणि उठताना भिंतीला हात लावायची, ते मला आठवलं. कट्ट्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

"मग एवढा त्रास होता तर धरली कशाला शेती?" दिलीपचा प्रश्न बरोबर होता.

महेश म्हणाला, एका दिवशी कुणी ठरवून धरलीच नाही. रानटी गहू-जवाची ओंबी पिकली की आपोआप गळून दाणे मातीत पडतात. नानांनी मान हलवली. "तिळासारखं. चार दिवस उशीर झाला की बोंडं उकलतात, तीळ रानात." अगदी तसंच. कापायला गेलेल्याच्या हातात न गळणारी ओंबीच जास्त येणार, घरी तीच येणार, पुढं पेरलीही तीच जाणार. असं होत होत धान्य असं झालं की माणसानं पेरल्याशिवाय ते उगवेना आणि धान्याशिवाय माणसाचं भागेना. याला हजारो वर्षं गेली.

मला मात्र केव्हापासून इनामगावचं सांगायचं होतं. आपल्याच तालुक्यात, आपल्याच घोडनदीकाठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं खणलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास वसलेलं गाव, शंभरावर घरं सापडली. मुख्य पीक जव, जोडीला मसूर, वाटाणा, हुलगा. पुराचं पाणी वळवायला दगडमातीचा बांध आणि पाट. आणि एका जागी धान्याची पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, कणग्या ठेवायचे गोल ओटे. त्या कोठाराला लागूनच पाच खोल्यांचं घर. बाकीच्यांची घरं एका-दोन खोल्यांची.

"पाटील," नाना म्हणाले.

मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गावाचं रूप पालटलं. पाऊसमान कमी झालं असावं, असं ढवळीकरांनी मांडलं. चौकोनी मोठी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली, शेळ्यामेंढ्यांवर भर आला. असं गाव इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारापर्यंत टिकलं. त्याच काळातलं, प्रवरेकाठचं दायमाबाद हे गाव तर आधीच ओस पडलं होतं.

"म्हणजे मागं गेली माणसं," दिलीप म्हणाला.

इथं मी चिडलो. मागं कसलं? तीनशे वर्षं तगली ती! शेती ही वर चढायची शिडी आणि रान म्हणजे खालची पायरी, हे आपण शाळेत घोकलं. त्या माणसांनी जव पिकेना तेव्हा हरणं मारली, शेळ्या राखल्या, पोरं जगवली. नाना म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वडलांनी बैल विकले, शेळ्या ठेवल्या. कुणी म्हणालं नाही मागं गेले म्हणून."

सगळी पोरं मात्र जगली नाहीत. तिथल्या दफनांत लहान मुलंच जास्त. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत तान्हं मूल, आणि ते घराच्याच जमिनीखाली. मोठ्यांना आडवं पुरायचे, पण घोट्यापासून पाय तोडून. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असा अर्थ लावतात.

एकाचे पाय मात्र शाबूत आहेत. पडत्या काळातल्या एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण सापडला, आत बसवलेला पुरुष, चाळिशीच्या आसपासचा. गावाचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहिला असावा, असं खणणाऱ्यांनी यावरून म्हटलं. माझं म्हणणं एवढंच होतं की शेती येते, आटते, पाऊस पडला की परत येते. पण एकदा कुणाचं घर पेवाला लागून उभं राहिलं की ते पेवाबरोबर जात नाही.

"पण त्यानंच बांध घालून घेतला असेल," दिलीप म्हणाला. "वाईट साली त्यानंच पेव उघडलं असेल. तुला काय माहीत?"

हे खरं होतं. उघडलंही असेल. महेश म्हणाला, उघडलं असेल तर मापही त्याच्याच हातात असणार.

नाना बराच वेळ गप्प होते. उठताना त्यांनी विचारलं, "बाकीच्यांच्या झोपड्या गोल झाल्या, आणि त्याचं घर पाच खोल्यांचंच?"

"हो."

ते चप्पल घालून चाळीकडं गेले. आभाळ भरून आलं होतं, कांदा झाकायचा होता.