मालकांचा प्रतिसाद: ‘दोन लाख डॉलर जास्त घेतले’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार साहेब,

आमच्यामार्फत वापरलेलं जेट विमान घेतल्यावर आपण दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. विमान ताब्यात यायला उशीर झाला आणि मधल्या काळात आमच्याकडून वेळच्या वेळी फोन गेले नाहीत, याबद्दल दिलगीर आहोत.

पण ‘तेच मस्टँग, त्याच वर्षाचं, नेटवर दोन लाख डॉलरने स्वस्त होतं, यांनी महागडं गळ्यात मारलं’ हे वाक्य जिव्हारी लागलं. ते विमान आम्ही लपवलं नव्हतं. आपल्याला पाठवलेल्या पहिल्याच यादीत ते होतं आणि पुढच्या रकान्यात ‘घेऊ नये’ असं लिहिलेलं होतं. का, ते पुन्हा सांगतो, कारण हे इतर लोकही वाचतात.

सेसना सायटेशन मस्टँगचं उत्पादन 2017 मध्येच बंद झालं. आता मिळेल ते वापरलेलंच, आणि वापरलेल्या जेटचा भाव रंगावर किंवा सीटच्या लेदरवर नाही, मुख्यतः इंजिन किती तास चाललं यावर ठरतो. मस्टँगला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची दोन इंजिनं असतात. 1750 तासांना हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या सर्वात तापणाऱ्या भागाची तपासणी, 3500 ला ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती. त्या स्वस्त विमानाच्या लॉगबुकात दोन्ही इंजिनांचे तास 3200 च्या वर गेलेले, आणि ती कुठल्याही इंजिन प्रोग्रॅमवर नव्हती. हा प्रोग्रॅम म्हणजे भिशीच समजा. मालक उडवलेल्या प्रत्येक तासामागे पैसे भरत जातो, ओव्हरहॉल आला की खर्च त्यातून निघतो. पैसे भरलेलेच नसतील तर सगळा बोजा नव्या मालकावर. दोन इंजिनांचा ओव्हरहॉल दोन लाख डॉलरांत होत नाही, साहेब. आपल्या साडूंनी स्क्रीनशॉट पाठवला त्यात फक्त किंमत दिसत होती.

आपल्या विमानाची इंजिनं प्रोग्रॅमवर आहेत, एकही हप्ता थकलेला नाही. अमेरिकेत विचिटाला प्री-बाय, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीत बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून टर्बाइनच्या पात्यांचे फोटो काढले, ते आपल्या मेलवर आहेत. उड्डाणयोग्यतेचे जे दोष निघाले ते विकणाऱ्याच्या खर्चाने दुरुस्त करून घेतले. त्यात दिवस गेले, हे खरं. बाकीचे दिवस कशात गेले तेही आपण जाणता. आपला बेत बदलत राहिला: आधी खासगी वापर, मग परमिट काढून चार्टरला (भाड्याने) लावायचं, मग परत खासगी. दर वेळी डीजीसीएचे (सरकारी विमान वाहतूक खात्याचे) कागद आणि कराचा हिशेब नव्याने. रिव्ह्यूत याचा उल्लेख नाही. असो.

आणि आमची फी ठरीव रकमेची आहे, टक्क्यांत नाही. विमान महाग पडलं म्हणून आम्हाला एक रुपया जास्त मिळत नाही. करारावर आपलीच सही आहे.

यापुढे ग्राहकांना नियमित माहिती कळवण्याची व्यवस्था करत आहोत. आमचं ऑफिस लहान आहे, या धंद्यात वर्षाकाठी मोजकेच व्यवहार होतात आणि आपला रिव्ह्यू आल्यापासून चालू असलेल्या दोन चौकशा थंडावल्या आहेत. दोन्ही विमानांच्या लॉगबुकच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. आपण आणि साडूसाहेबांनी कधीही यावं, शेजारी शेजारी ठेवून बघावं. उशिराची तक्रार हवी तर राहू द्या, किमतीचं वाक्य तेवढं दुरुस्त करावं, ही विनंती.